रक्त येतं तिथेच ब्रश फिरवायचा

दात घासून थुंकताना गुलाबी रंग दिसला की माणूस दुसऱ्या दिवसापासून तेवढी जागा टाळून ब्रश फिरवतो. हिरडी दुखावली आहे, चार दिवस तिला आराम मिळू दे, असा त्यामागचा विचार असतो. हिरडीच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो. रक्त येतं ते बहुतेक वेळा ब्रश लागला म्हणून नव्हे, तर त्या जागी आधी कित्येक दिवस ब्रश नीट पोचलाच नव्हता म्हणून. ती जागा आता सोडली तर आठवड्याने रक्त वाढतं, मग ब्रशच बाजूला पडतो आणि बोटाने मंजन चोळणं सुरू होतं. काही वर्षांनी त्याच भागातले दात हलायला लागतात. म्हणून आज सगळ्यात आधी एवढंच सांगायचं आहे: जिथे रक्त येतं तिथे मऊ ब्रश हलक्या हाताने, पण रोज आणि जास्त काळजीने फिरवायचा.

यामागचं कारण समजलं की हात आपोआप नीट चालतो. दातावर बोटाला बुळबुळीत लागणारा जो पांढरट-पिवळसर थर बसतो, त्याला प्लाक म्हणतात. ते खाल्लेलं अन्न नव्हे. एकमेकांना आणि दाताला घट्ट चिकटून राहणाऱ्या जिवंत जंतूंचं ते जाळं असतं. त्यामुळे चूळ भरून ते निघत नाही, माउथवॉशनेही फारसं हलत नाही, घासूनच काढावं लागतं. स्वच्छ दातावर ते काही तासांतच पुन्हा जमू लागतं. दाताच्या फुगीर भागावरून जीभ, गाल आणि चावण्याची हालचाल त्याला थोडंफार पुसून काढतात. पण दात जिथे हिरडीत शिरतो त्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत त्याला कुणाचाच धक्का लागत नाही. हिरडी दाताला चिकटलेली दिसली तरी कडेला दाताभोवती एक बारीक खोबण असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल. त्या खोबणीच्या तोंडाशी प्लाक साठला की शरीर तिकडे रक्त वाढवतं, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आतलं नाजूक अस्तर जागोजागी फाटतं. मग पेरू चावला तरी रक्त दिसतं.

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये हे तपासून पाहिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दातांची सफाई पूर्ण बंद करायला लावली. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात त्या पूर्ववत झाल्या. त्या बऱ्या व्हायला सफाईच पुरली, गोळी लागली नाही. तेव्हा रक्त येणाऱ्या हिरडीला दोन आठवडे नीट सफाई द्या. पहिले तीन-चार दिवस रक्त येतच राहील, थोडं जास्तही वाटेल, तेव्हा थांबायचं नाही. त्यानंतर ते कमी होत जायला हवं.

हे सगळ्याच रक्ताला लागू नाही. पावसाळ्यात ताप आलेला असताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तर ब्रशचा विचार सोडा आणि थेट दवाखाना गाठा. डेंगीत ते धोक्याचं लक्षण मानलं जातं. न घासताही आपोआप रक्त येणं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठणं, सोबत थकवा किंवा ताप, असं काही दिसलं तर आधी रक्ततपासणी. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्त लवकर दिसतं आणि उशिरा थांबतं. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, दातांच्या डॉक्टरला मात्र आधी सांगावं.

आता ब्रश. पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेलाच घ्या. कडक केसांनी दात जास्त स्वच्छ होतात हा समज काही केल्या जात नाही. कडक केस वाकत नाहीत, त्यामुळे खोबणीत शिरत नाहीत, फुगीर भागावरच घसटत राहतात आणि हिरडी मागे ढकलतात. ब्रशचं डोकं लहान हवं, एका वेळी दोन दाढा झाकेल एवढंच. मोठं डोकं शेवटच्या दाढेच्या मागे वळत नाही. केस बाहेर फाकले की ब्रश टाकून द्या. तसे ते साधारण तीन महिन्यांत फाकतात. महिन्याभरात फाकत असतील तर हात फार जोरात चालतोय असं समजा. आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर ब्रश सुकतच नाही, त्यात त्यावर प्लास्टिकची टोपी घालून तो बंद कपाटात ठेवला तर दिवसभर ओलाच राहतो. टोपी काढून, डोकं वर करून, वारा लागेल अशा जागी उभा ठेवा. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात एकमेकांना टेकलेले नकोत.

घासण्याची जी पद्धत दंतवैद्य शिकवतात, तिचं मूळ चार्ल्स बास या अमेरिकी डॉक्टरांकडे जातं. ब्रश लेखणीसारखा बोटांत धरा. मुठीत धरला की जोर खांद्यातून येतो. केसांची टोकं दात आणि हिरडीच्या सांध्यावर टेकवा, हिरडीच्या दिशेने ४५ अंश तिरकी. वरच्या दातांना केस वर बघणारे, खालच्या दातांना खाली बघणारे. केस किंचित वाकतील इतकाच दाब द्या. हिरडी पांढरी पडली तर दाब जास्त झाला. आता टोकं जागेवरून न हलवता ब्रश मागे-पुढे अगदी थोडा थरथरवा, दहा-बारा वेळा. मग मनगट वळवून केस हिरडीकडून दाताच्या चावायच्या कडेकडे ओढून घ्या. एका जागी दोन-तीन दात होतात. मग पुढची जागा, आधीच्या दातावर थोडी चढवून, म्हणजे मधे काही सुटत नाही. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश आडवा बसत नाही, तिथे तो उभा धरून टोकाच्या केसांनी काम करायचं. चावायचे पृष्ठभाग शेवटी, तिथे साधं मागे-पुढे चालतं.

क्रम ठरवून घ्या आणि सुरुवात नेहमी सुटणाऱ्या जागेपासून करा. खालच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू या त्या जागा. तोंडात लाळ सोडणाऱ्या मोठ्या ग्रंथींची तोंडं नेमकी याच दोन ठिकाणांजवळ उघडतात, त्यामुळे कीटण, म्हणजे प्लाक कडक होऊन बसलेला थर, तिथेच सगळ्यात आधी धरतं. वरच्या शेवटच्या दाढेपाशी ब्रश शिरत नसेल तर तोंड मोठं उघडू नका, उलट अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि जागा होते. असं सगळं केलं तर दोन मिनिटं लागतातच. बहुतेक लोक पाऊण-एक मिनिटात आटोपतात, आणि तेही समोरच्या सहा दातांवर. दिवसातून दोनदा घासायचं. त्यातली एक वेळ चुकणार असेल तर सकाळची चुको, रात्रीची नको. झोपेत लाळ फार कमी होते, आणि लाळ हेच तोंडाचं स्वतःचं धुणं आहे.

इतकं करूनही दातांचा बराच भाग तसाच राहतो. दाढेला पाच बाजू असतात: बाहेरची, आतली, चावायची, आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रश पहिल्या तीन बाजूंना पोचतो. हिरड्यांचे आजार बहुतेक दोन दातांच्या मधल्या फटीतच सुरू होतात आणि मोठ्या माणसांच्या किडीही बऱ्याचदा तिथेच लागतात. याबाबत आपल्याकडे जवळजवळ काहीच बोललं जात नाही, त्याचं वाईट वाटतं.

तरुणपणी दात एकमेकांना घट्ट लागून असतात, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीत फिरवायचा बारीक दोरा, हवा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा तोडा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मधे दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवून अंगठा आणि तर्जनीने ताणून धरा. दोन दातांच्या मधून तो करवतीसारखा हळूहळू मागे-पुढे करत खाली उतरवायचा. एकदम दाबला तर तो सटकून हिरडीत रुततो, आणि रक्त आलं की लोक फ्लॉसला दोष देतात. खाली उतरल्यावर दोरा एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या कडेखाली जाईल तितका जाऊ द्यायचा आणि वर-खाली चार-पाच वेळा ओढायचा. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला मिठी. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात. फट बदलली की दोऱ्याचा नवा भाग पुढे घ्यायचा. एका ठिकाणी दोरा दर वेळी तुटत असेल, त्याचे धागे निघत असतील, तर तिथे भरलेल्या सिमेंटची कड वर आलेली असते किंवा कीड लागलेली असते. ती जागा डॉक्टरला दाखवा.

पस्तिशी-चाळिशीनंतर, हिरडी थोडी खाली गेली आणि फटी दिसू लागल्या की फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश अधिक उपयोगी. तारेवर केस बसवलेला हा बाटली धुण्याच्या ब्रशसारखा चिमुकला ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. त्याची जाडी योग्य असणं महत्त्वाचं. तार दाताला न घासता जावी आणि केस मात्र दोन्ही दातांना टेकावेत. सहज आत-बाहेर होत असेल तर तो बारीक पडला, जोर लावावा लागत असेल तर जाड पडला. एकाच तोंडात दोन-तीन मापं लागतात, पुढे बारीक आणि मागे जाड. रंगांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. त्यावर पेस्ट लावायची नाही. प्रत्येक फटीत चार-पाच वेळा आत-बाहेर, मग धुऊन ठेवा. तार वाकली किंवा केस गळाले की नवा घ्या. क्राउन-ब्रिज बसवलेला असेल तर खोट्या दाताच्या खालून हाच ब्रश फिरवावा, किंवा कडक टोकाचा फ्लॉस ओवून घ्यावा. ब्रिज निकामी होतात ते बहुधा आधाराच्या दाताला खालून कीड लागल्याने.

आणि आता काडी. दुपारचं शितकडी, म्हणजे भात-आमटी, जेवून झालं की हात माडाच्या हिराकडे, म्हणजे झावळीच्या पात्यातल्या काडीकडे, आगपेटीच्या काडीकडे, नाहीतर सेफ्टी पिनेकडे जातो. हीर टोकदार आणि ताठ असतो. तो दोन दातांच्या मधल्या हिरडीच्या शेंड्यावर रोज टोचत राहतो, शेंडा चेपत जातो आणि तिथे काळी त्रिकोणी पोकळी तयार होते. मग अन्न आणखी अडकतं आणि काडी आणखी लागते. सेफ्टी पिनेबद्दल तर हात जोडून सांगावंसं वाटतं, तोंडात घालू नका. तारलीचा किंवा वेर्लीचा काटा दात आणि हिरडीच्या मधे रुतला तर फ्लॉसच्या दोऱ्याला बारीक गाठ मारा, दोरा फटीतून खाली घ्या आणि गाठ बाजूने ओढून बाहेर काढा. काटा गाठीला अडकून बहुतेकदा येतो. नाही आला आणि दुसऱ्या दिवशी तिथे ठणका किंवा सूज असेल तर कोरत बसू नका. जर नेहमी त्याच एका फटीत मासा किंवा मांस अडकत असेल तर दोन दातांचा आपसातला सांधा सुटलेला असतो, किंवा तिथे कीड पडलेली असते. ते काम काडीने होणारं नाही.

टूथपेस्टचं महत्त्व जाहिरातींत सांगतात त्याहून वेगळं आहे. फेस, थंडावा, मीठ, लवंग, कोळसा या सगळ्यांपेक्षा ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय की नाही ते बघा. घटकांमध्ये सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असं नाव आणि पीपीएममधलं, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असं, प्रमाण छापलेलं असतं. आपल्या देशात १००० पीपीएमची मर्यादा आहे, मोठ्यांनी त्याच्या जवळपासची पेस्ट घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, यावरून तिचं मोल कळावं. मोठ्यांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण खळखळून चुळा भरू नका. चार चुळा भरल्या की दातावर राहायला हवं ते फ्लोराइड गटारात जातं. सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्यात सवय होते. ट्यूबच्या तळाशी असलेल्या रंगीत चौकोनावरून पेस्ट नैसर्गिक की रासायनिक हे कळतं, असा एक संदेश फिरत असतो. ते खरं नाही. ती खूण ट्यूब कुठे कापायची हे मशीनला कळावं म्हणून असते.

दात आंबणं हा शब्द आपल्याकडे आहे, आणि त्यात पूर्ण शास्त्र आहे. आम्लता पीएच या मापात मोजतात, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातली खनिजं सुटू लागतात. लाळ तो पुन्हा जागेवर आणते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. सोलकढी, कोकम सरबत, लिंबू सोडा, कैरी या गोष्टी स्वतःच आम्ल आहेत. त्या घेतल्यावर कवच थोडा वेळ मऊ असतं, म्हणून लगेच ब्रश नको. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास तरी जाऊ द्या. सोलकढी जेवणाबरोबर वाटीभर घेतली तर काही बिघडत नाही. कोकम सरबताची बाटली दुपारभर जवळ ठेवून घोट घोट पिणं मात्र दाताला महागात पडतं, कारण दर घोटाला तो अर्धा तास पुन्हा मोजायला लागतो.

गोडाचंही गणित हेच आहे, फक्त आम्ल इथे प्लाकमधले जंतू बनवतात. चवथीला पाच नेवऱ्या, म्हणजे करंज्या, एकदम खाल्ल्या की एकच आम्लाची लाट येते. त्याच पाच नेवऱ्या येता-जाता दिवसभर खाल्ल्या तर पाच लाटा. चिकटपणाही बघायला हवा. जत्रेतलं खाजं, आंब्या-फणसाची साठं, दोदोल या वस्तू दाढेच्या खाचांत तासभर बसून राहतात. चहात बुडवलेला पाव गोड नसतो म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात, पण त्याचा लगदा दाढांच्या मधे घट्ट बसतो, आणि पिठाची साखर तोंडातच व्हायला लागते. संध्याकाळच्या चहा-पावानंतर जोरात पाण्याच्या दोन चुळा, एवढं तरी व्हावं.

जुन्या साधनांबद्दल मला राग नाही. आंब्याचं पान दुमडून दातांवर फिरवणाऱ्यांनी निदान दात रोज घासले. पण पानात फ्लोराइड नाही आणि ते फटीत जात नाही. राखुंडीचं प्रकरण वेगळं. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. ती कवच खरोखर घासून काढते. दात पांढरे दिसतात आणि काही वर्षांत हिरडीजवळ आडवी खाच पडते. तिथे आतला पिवळा थर उघडा पडतो आणि गार पाणी लागलं की सणक जाते. कोळशाच्या काळ्या पेस्टी आणि खरखरीत मीठ याच जातीतले. अशी सणक असेल तर पोटॅशियम नायट्रेट असलेली, शिवाय फ्लोराइडही असलेली पेस्ट दोन ते चार आठवडे नेमाने वापरा. दोन दिवसांत गुण येत नाही म्हणून सोडू नका.

मशेरीला मात्र मी दात घासण्याचं साधन म्हणणारच नाही. तव्यावर भाजून पूड केली तरी ती तंबाखूच. ती लावल्यावर बरं वाटतं ते निकोटिनमुळे. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? ती जिथे दाबून धरली जाते तिथे हिरडी आणि गालाच्या आत पांढरा, न पुसता येणारा चट्टा उमटू शकतो. असा चट्टा किंवा तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायलाच हवी. तंबाखूचा आणखी एक फसवा भाग असा की विड्या-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत वाढत असतो आणि वरून हिरडी ठीक दिसते. त्यांनी रक्ताची वाट बघू नये.

सुपारीबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलायला हवं, जरी फोंडा-सत्तरीच्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, ती डोळ्यांसमोर वाढत असली तरी. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. सुपारीने गालाचं आतलं अस्तर हळूहळू ताठ होतं, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडणं कमी होतं. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमधे जातात का ते बघा. जात नसतील तर उशीर करू नका. गेलेला लवचीकपणा पूर्ण परत येत नाही. सुपारी सोडली तर आजार वाढणं थांबू शकतं.

प्लाक वेळेवर निघाला नाही की लाळेतल्या खनिजांनी तो दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो आणि दोनेक आठवड्यांत त्याचं पक्कं कीटण होतं. ते ब्रशने निघत नाही, सुईने तर अजिबात खरवडू नका. त्यासाठी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून यंत्राने कीटण काढून घेणं. स्केलिंगने दात सैल होतात ही भीती घराघरात आहे, आणि तिचं मूळ समजण्यासारखं आहे. जुनं कीटण दातांना सिमेंटसारखं एकमेकांत जखडून ठेवतं. खालचं हाड आधीच झिजलेलं असतं. कीटण काढलं की दातांचं खरं हलणं कळतं, झाकलेल्या फटी जिभेला लागतात, उघडं पडलेलं मूळ काही दिवस शिवशिवतं. हे नुकसान कीटणाने केलेलं असतं. यंत्राचं टोक बोथट असतं, ते सेकंदाला हजारो वेळा कंप पावतं आणि सोबत पाणी सोडतं. कवच तासून काढायचं ते साधन नाही. साधारण सहा महिने ते वर्षाने एकदा दाखवावं. कीटण लवकर धरणाऱ्यांना आणि मधुमेह असलेल्यांना त्याहून लवकर.

मधुमेह आणि हिरड्या दोघं एकमेकांना बिघडवतात. साखर चढी असली की हिरडीचा आजार जोर धरतो, आणि हिरडीतली सततची सूज साखर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर वारंवार गळवं येत असतील तर एकदा साखर तपासा. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन किंवा फेफऱ्यासाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी काहींच्या हिरड्या फुगून दातावर चढतात. गोळी बदलायची की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण सफाई जितकी चांगली तितकी ही वाढ कमी राहते. गरोदरपणात थोड्याशा प्लाकनेही हिरड्या सुजतात, त्यामुळे तेव्हा सफाई टाळायची नसते, उलट वाढवायची असते. स्केलिंग करायचं झालं तर मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू असतो. तो औषध आहे. ०.२ टक्क्यांचा असेल तर १० मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा, आणि सांगितलं असेल तितकेच दिवस, बहुधा दोन आठवडे. जास्त चालला की दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. टूथपेस्टनंतर लगेच घेतला तर पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो, मधे अर्धा तास ठेवा. लवंगेचं तेल हिरडीवर थेट चोळू नका, ते भाजतं. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या सूज असताना बऱ्या वाटतात, पण त्यांनी प्लाक निघत नाही.

मुलांबाबत एकच गोष्ट सांगतो, कारण ती हमखास चुकते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे आई-वडील तिला दुधाची समजतात आणि किडली तरी पडेलच म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ असते, तिच्या जागी पुढे दुसरी येत नाही. तिच्या माथ्यावरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षा अरुंद असतात, म्हणून ती नीट वर आली की खाचा बुजवणारं सीलंट दंतवैद्याकडून लावून घ्यावं. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत. मूल स्वतः घासतं तो सराव धरा.

कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवा, साबण आणि वेगळ्या मऊ ब्रशने धुवा. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, उकळत्या पाण्याने ती वाकडी होते.

दोन आठवड्यांची सफाई झाल्यावर आरशासमोर उजेडात हिरडी बघा. दोन दातांमधला शेंडा टोकदार आणि घट्ट दिसतो का, की गोल, चकचकीत आणि लालसर? कुठल्या फटीत अजून रक्त येतं ते लिहून ठेवा, ‘खाली डावीकडे, मागून दुसरी’ असं. तो कागद घेऊन जवळच्या दंतवैद्याकडे किंवा बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात जा आणि त्या जागेची खोली मोजायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडीच्या कडेतून हलकेच खाली सोडतात. तीनपर्यंतचा आकडा चांगला. चार किंवा जास्त आला तर तिथे ब्रश पोचत नाही, आतून सफाई करून घ्यावी लागते. प्रत्येक दाताचे आकडे लिहून मागून घ्या आणि पुढच्या खेपेला बरोबर न्या. खोली वाढली की कमी झाली ते त्या कागदावरूनच कळेल.